सेंद्रिय शेल खडक: आत काय असतं आणि तो किती भार सोसतो?

शेल म्हणजे गाळाचा, अतिशय बारीक कणांचा, पापुद्रे सुटणारा खडक. जगातल्या गाळाच्या खडकांपैकी निम्म्याहून जास्त खडक याच चिखलाच्या घराण्यातले. त्यातल्या काही थरांमध्ये मेलेल्या शेवाळाचं आणि वनस्पतींचं अवशेषद्रव्य भरपूर साठलेलं असतं. तो सेंद्रिय शेल, बोलीत ‘काळा शेल’. तेल आणि नैसर्गिक वायू तयार होतो तो मुख्यतः याच्याच पोटात. गेल्या पंचवीसेक वर्षांत अमेरिकेने थेट याच खडकाला भेगा पाडून वायू काढायला सुरुवात केली आणि जगाचा ऊर्जाबाजार बदलून गेला.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, भूशास्त्रज्ञ नाही. पण विहिरीच्या डेटावर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘हा थर फोडण्यालायक आहे का’ हे ठरवणारं सूत्र बघितलं, तर ते जेमतेम एका ओळीचं असतं. त्या ओळीवर कोट्यवधी रुपयांची विहीर कुठे वळवायची ते ठरतं. ती ओळ कुठून आली आणि कुठे गंडते, हे कळायला आधी खडक कळायला हवा. या लेखात तेवढंच करूया.

हा खडक तयार कसा होतो?

समुद्राच्या किंवा मोठ्या तळ्याच्या शांत तळाशी बारीक चिखल साचत जातो. वरच्या पाण्यात जगणारे सूक्ष्म जीव मरून त्याच तळाशी येतात. एरवी ते कुजून संपले असते. पण तळाच्या पाण्यात ऑक्सिजन नसेल तर कुजणं अर्धवट राहतं आणि सेंद्रिय द्रव्य चिखलात गाडलं जातं. वर आणखी गाळ साचतो, दाब आणि तापमान वाढतं, पाणी पिळून निघतं. मातीचे चपटे कण आडवे होऊन एकावर एक बसतात. पुढे याच आडव्या रचनेमुळे खडकाचे पापुद्रे सुटतात.

ऑक्सिजन नसल्याची एक खूण खडकात कायमची राहते, ती म्हणजे पायराइट. सल्फेटवर जगणारे जीवाणू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात, तो लोहाशी जुळतो आणि पायराइटचे रास्पबेरीच्या आकाराचे सूक्ष्म गोळे बनतात. अशा पाण्यातून मॉलिब्डेनम, व्हॅनेडियम आणि युरेनियमही गाळात उतरतं. युरेनियममुळे विहिरीत सोडलेल्या गॅमा किरणमापकाचा काटा काळ्या शेलसमोर जोरात उडतो. शोध घेणाऱ्यांना मिळणारा पहिला इशारा बहुधा हाच.

आतली यादी: बार्नेटचं उदाहरण

सगळ्यात जास्त अभ्यास झालेला सेंद्रिय शेल म्हणजे अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातला बार्नेट शेल. मिचेल एनर्जी या कंपनीने १९८१ मध्ये त्यात पहिली विहीर खणली. पण खर्च परवडेल अशी फोडण्याची पद्धत, म्हणजे घट्ट जेलऐवजी जवळजवळ साधंच पाणी आणि वाळू वापरणं, जमायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली. बार्नेटची सर्वसाधारण घडण, वजनाच्या हिशेबाने, साधारण अशी सांगतात:

- क्वार्ट्झ: ४५ टक्के
- माती-खनिजं, मुख्यतः इलाइट: २७ टक्के
- कॅल्साइट आणि डोलोमाइट: ८ टक्के
- फेल्डस्पार: ७ टक्के
- सेंद्रिय द्रव्य: ५ टक्के
- पायराइट: ५ टक्के
- सिडेराइट: ३ टक्के

म्हणजे नाव ‘चिखलाचा खडक’, पण मातीची खनिजं जेमतेम पाव भागाहून थोडी जास्त आणि निम्म्याच्या आसपास क्वार्ट्झ. इथेच लक्षात ठेवा की ‘शेल’ हे नाव कणांच्या आकारावरून पडलंय, रसायनावरून नाही. टेक्सासमधल्याच ईगल फोर्ड शेलमध्ये बहुतेक ठिकाणी चुनखडीचा, म्हणजे कॅल्साइटचा भरणा असतो. दोघांचं नाव एक, गुण मात्र वेगळे.

वजनाने ५ टक्के, जागेने १२ टक्के

सेंद्रिय शेलच्या चर्चेत एक आकडा सतत येतो: टीओसी, म्हणजे एकूण सेंद्रिय कार्बन, वजनाच्या टक्क्यात. २ टक्क्यांच्या वर असेल तर खडक साधारणपणे चांगला समजतात. २ किंवा ५ टक्के ऐकून वाटतं, एवढ्याशा कार्बनने खडकाच्या ताकदीला काय फरक पडणार? हिशेब करून बघूया.

समजा टीओसी ५ टक्के आहे. सेंद्रिय द्रव्यात कार्बनशिवाय हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन, गंधकही असतं. म्हणून १.२ ने गुणायचं. १०० ग्रॅम खडकात ६ ग्रॅम सेंद्रिय द्रव्य झालं. त्याची घनता साधारण १.२ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर धरली तर त्याने ५ घनसेंटिमीटर जागा अडवली. उरलेली ९४ ग्रॅम खनिजं, सरासरी घनता २.७, म्हणजे जागा ३४.८ घनसेंटिमीटर. एकूण ३९.८ पैकी ५, म्हणजे १२ टक्क्यांहून जास्त!

भार सोसताना खडकाला वजनाचा नाही, जागेचा हिशेब लागू होतो. भिंतीतल्या दर आठ विटांमागे एक वीट थर्माकोलची असावी, असा हा प्रकार. ती थर्माकोलची वीट म्हणजे केरोजेन.

केरोजेन: ज्यासाठी विहीर खणायची तेच मऊ

केरोजेन हे खडकात अडकलेलं, सेंद्रिय द्रावकातही न विरघळणारं सेंद्रिय द्रव्य. त्याचे ढोबळ प्रकार असे: पहिला प्रकार तळ्यातल्या शेवाळाचा, हायड्रोजन भरपूर, तेल जास्त देणारा. दुसरा समुद्रातल्या सूक्ष्म जीवांचा, तेल आणि वायू दोन्ही देणारा. तिसरा जमिनीवरच्या झाडाझुडपांचा, मुख्यतः वायू देणारा.

प्रकाराइतकंच महत्त्व ‘पक्वते’ला आहे. केरोजेन किती भाजला गेलाय, हा प्रश्न. त्यासाठी व्हिट्रिनाइट या कणावरून प्रकाश किती परावर्तित होतो ते मोजतात. साधारण ०.६ ते १.३ टक्के परावर्तन म्हणजे तेलाचा टप्पा, त्यापुढे वायूचा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो, युटा आणि वायोमिंग या राज्यांत पसरलेल्या ग्रीन रिव्हर थरात केरोजेन प्रचंड आहे, पण तो अजून कच्चा आहे. तिथे नुसत्या भेगा पाडून तेल येत नाही, खडक तापवावा लागतो.

पक्व होताना केरोजेनमधला हायड्रोजन कमी होतो आणि तो हळूहळू कडक होत जातो. त्याच वेळी त्याच्या आत सूक्ष्म छिद्रं पडतात. बार्नेटच्या नमुन्यांवर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही छिद्रं ५ ते ७५० नॅनोमीटरची दिसली. वायूचा मोठा भाग याच छिद्रांत राहतो. म्हणजे केरोजेन हाच माल आणि केरोजेन हेच गोदाम. पण भिंत म्हणून तो कामाचा नाही. सगळा पेच इथे आहे: सेंद्रिय द्रव्य वाढलं की माल वाढतो आणि खडक मऊ होतो.

मजबुती म्हणजे नेमकं काय?

‘खडक मजबूत आहे’ या वाक्यात तीन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. त्या सुट्या करूया.

पहिली, ताकद. किती भाराला खडक तुटतो? दंडगोल कापून दाबयंत्रात दाबायचा आणि तुटेपर्यंतचा दाब नोंदवायचा. ताजा बेसॉल्ट, म्हणजे आपला सह्याद्रीचा काळा पाषाण, सहज १०० मेगापास्कलच्या पुढे जातो. शेलचा पल्ला फार मोठा आहे. काही शेल हाताने चुरतात, तर काही चांगल्या काँक्रीटच्या वर जातात.

दुसरी, ताठपणा. तुटायच्या आधी तो किती दबतो? याचं माप यंग मॉड्युलस. क्वार्ट्झचा सुमारे ९५ गिगापास्कल, कॅल्साइटचा सुमारे ८०, केरोजेनचा मात्र एकअंकी किंवा त्याच्या थोडा वर. यांच्या मिश्रणातून बनलेला शेल साधारण १० ते ६० च्या दरम्यान कुठेतरी बसतो. वरून दाबल्यावर तो बाजूंना किती फुगतो, याचं माप पॉयसन रेशो.

तिसरी, ठिसूळपणा. तुटताना काचेसारखा तडकतो की ओल्या मातीसारखा दबत जातो? भेगा पाडून वायू काढणाऱ्यांना तडकणारा खडक हवा असतो. तडकलेल्या भेगेत वाळूचे दाणे अडकवले की ती उघडी राहते. मऊ खडकात हेच दाणे भिंतीत रुततात आणि भेग मिटते.

खारीसारखा खडक

खारी बिस्किट सपाट ठेवून वरून दाबलं तर बराच भार घेतं. तेच उभं धरून कडेवर तिरका जोर दिला की पापुद्रे सुटतात. शेलचंही असंच असतं. त्याचे गुण दिशेप्रमाणे बदलतात. थरांना समांतर मोजलेला यंग मॉड्युलस थरांना लंब मोजलेल्यापेक्षा जास्त येतो, आणि माती व केरोजेन जितकं जास्त तितका हा फरक मोठा.

ताकदीचं गणित आणखी गमतीदार आहे. भार थरांना लंब किंवा समांतर असेल तर खडक चांगला टिकतो. भाराची दिशा आणि थर यांच्यात साधारण ३० अंशांचा कोन असेल तेव्हा तो सगळ्यात कमजोर असतो, कारण तेव्हा पत्त्यांच्या कॅटसारखे थर एकमेकांवरून घसरतात. उभी विहीर हळूहळू वळवून आडवी करताना मधला तिरका टप्पा याच कारणाने धोक्याचा ठरतो. भिंतीचे पापुद्रे विहिरीत पडतात आणि खणायचं हत्यार खाली अडकून बसू शकतं.

म्हणून शेलच्या मजबुतीचा एकच आकडा कुणी दिला तर पहिला प्रश्न विचारायचा: कोणत्या दिशेने मोजला?

ती एक ओळ: ठिसूळपणाचा निर्देशांक

आता मूळ सूत्राकडे येऊया. बार्नेटच्या अभ्यासातून २००७ मध्ये जार्वी आणि सहकाऱ्यांनी एक सोपं सूत्र मांडलं: क्वार्ट्झ भागिले क्वार्ट्झ, कार्बोनेट आणि माती यांची बेरीज. वरच्या यादीतले आकडे टाका: ४५ भागिले ४५ अधिक ८ अधिक २७, म्हणजे ४५ भागिले ८०, उत्तर ०.५६. निम्म्याच्या वर, म्हणजे ठिसूळ.

दुसरी पद्धत २००८ मध्ये रिकमन आणि सहकाऱ्यांनी दिली. तिथे खनिजं नाहीत, यंग मॉड्युलस आणि पॉयसन रेशो आहेत. मॉड्युलस सुमारे ७ ते ५५ गिगापास्कल आणि रेशो ०.४० ते ०.१५ या पट्ट्यांवर खडकाला शंभरपैकी गुण द्यायचे आणि दोन्हींची सरासरी काढायची. हे दोन्ही गुण विहिरीत सोडलेल्या ध्वनियंत्रावरून, म्हणजे खडकातल्या ध्वनीच्या वेगावरून काढता येतात.

एक काल्पनिक थर घेऊया. दाबलहरीचा वेग सेकंदाला ४ किलोमीटर, आडव्या लहरीचा २.४ किलोमीटर, घनता २.५. गणित केलं की मॉड्युलस सुमारे ३५ गिगापास्कल आणि रेशो ०.२२ येतो. गुण साधारण ५८ आणि ७२, सरासरी ६५. पण ध्वनीवरून काढलेला मॉड्युलस दाबयंत्रात मोजलेल्यापेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त असतो. समजा प्रत्यक्ष मॉड्युलस त्याच्या ७० टक्के आहे. मग सरासरी गुण ६५ वरून ५४-५५ वर येतात. खडक तोच, डेटा तोच, फक्त एक गुणक लावला की नाही एवढाच फरक.

सूत्र कुठे फसतं?

पहिली जागा कार्बोनेटची. समजा एका थरात क्वार्ट्झ १५, कार्बोनेट ६० आणि माती २० टक्के आहे. पहिल्या सूत्राने उत्तर येतं १५ भागिले ९५, म्हणजे ०.१६. प्रोग्राम म्हणणार, ‘मऊ आहे, सोडून द्या’. पण ६० टक्के कॅल्साइट असलेला खडक ताठ असू शकतो, ईगल फोर्डसारखे थर यशस्वीपणे फोडले गेलेत. सूत्र बार्नेटवर बेतलेलं होतं आणि बार्नेटमध्ये कार्बोनेट मुळातच कमी. पुढे २००९ मध्ये वँग आणि गेल यांनी डोलोमाइटला ठिसूळ बाजूला आणि टीओसीला मऊ बाजूला बसवून सूत्र सुधारलं. पण कुठलंही सूत्र ज्या खडकावर घडलं त्याची छाप घेऊनच येतं.

दुसरी जागा क्वार्ट्झच्या जन्माची. बार्नेटमधला बराचसा क्वार्ट्झ सूक्ष्म समुद्री जीवांच्या सिलिकेच्या सांगाड्यांपासून आलाय. ती सिलिका विरघळून पुन्हा घट्ट झाली आणि तिने कणाकणांना जोडणारी चौकट उभी केली, साधारण चकमकीच्या दगडासारखी. दुसऱ्या एखाद्या शेलमध्ये तितकाच क्वार्ट्झ नदीने वाहून आणलेल्या सुट्या कणांचा असेल, तर ते कण मातीत नुसते तरंगत असतात, शिऱ्यातल्या बेदाण्यांसारखे. बेदाणे कितीही असोत, शिरा मऊच राहतो. क्ष-किरण तपासणी दोन्ही ठिकाणी ‘क्वार्ट्झ ४५ टक्के’ असंच सांगणार. टक्केवारीला सामग्री कळते, बांधणी कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघावंच लागतं.

त्याच क्ष-किरण तपासणीला केरोजेन दिसतच नाही, कारण तो स्फटिक नाही. त्यामुळे ‘खनिजं मिळून १०० टक्के’ असा अहवाल आला तर सेंद्रिय द्रव्य त्यात धरलेलं नसतं. त्यासाठी नमुना तापवून बघायची वेगळी चाचणी असते, रॉक-इव्हॅल. दोन्ही अहवाल एका तक्त्यात जोडताना हा हिशेब नीट लावावा लागतो.

पाणी, हवा आणि वेळ

प्रयोगशाळेत दहा मिनिटांत मोजलेली ताकद खडकाकडे कायम राहीलच असं नाही. ती बदलणाऱ्या तीन गोष्टी आहेत.

पाणी. स्मेक्टाइट नावाची माती पाणी शोषून फुगते. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, ती याच गटातल्या मातीमुळे. अशा शेलमध्ये साध्या पाण्याने विहीर खणली तर भिंती सुजून ढासळतात. म्हणून खणताना वापरायच्या द्रवात पोटॅशियम क्लोराइड घालतात किंवा तेलाधारित द्रव वापरतात. इलाइटच्या थरांमध्ये पोटॅशियम आधीच घट्ट बसलेलं असतं, त्यामुळे तो फारसा फुगत नाही.

हवा. जमिनीखाली पायराइट शांत असतो. हवा आणि ओल मिळाली की त्याचं सल्फ्युरिक ॲसिड बनतं, ते कॅल्साइटशी जुळून जिप्सम तयार होतं आणि जिप्सम जास्त जागा मागतं. आयर्लंडमध्ये डब्लिन आणि आसपासच्या भागात पायराइट असलेल्या अशाच चिखली खडकाची खडी घरांच्या जमिनीखाली भराव म्हणून वापरली गेली. ती फुगली, जमिनी उचलल्या, भिंतींना तडे गेले. शेवटी २०१३ मध्ये तिथे दुरुस्तीसाठी स्वतंत्र कायदा करावा लागला.

वेळ. सतत भाराखाली काही शेल हळूहळू सरकत राहतात. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या हिरोकी सोने आणि मार्क झोबॅक यांनी २०१३ मध्ये बार्नेट, हेन्सविल, ईगल फोर्ड आणि फोर्ट सेंट जॉन इथल्या नमुन्यांवर दाखवलं की माती आणि केरोजेन मिळून जितके जास्त, तितका खडक कमी ताठ आणि तितकं सरकणं जास्त. विहिरीसाठी याचा अर्थ सरळ आहे. आज उघडी असलेली भेग पुढे मिटत जाऊ शकते.

यावर एक शहाणा उपाय नॉर्थ डकोटातल्या बाकेन थरात दिसतो. तिथे वर आणि खाली सेंद्रिय शेल आहे आणि मध्ये डोलोमाइटयुक्त, जास्त ताठ थर. विहिरी मुख्यतः त्या मधल्या थरात आडव्या नेतात. माल शेलचा, भिंती शेजाऱ्याच्या.

आपल्याकडे काय?

महाराष्ट्राच्या बहुतेक भागावर बेसॉल्टची जाड चादर आहे, त्यामुळे काळा शेल सहसा नजरेस पडत नाही. पण मुंबई हायचं तेल चुनखडकात साठलेलं असलं तरी ते जिथे तयार झालं तो मुख्य खडक पन्ना थरातला शेलच मानला जातो. गुजरातमधल्या अंकलेश्वरसारख्या तेलक्षेत्रांचा उगम कँबे शेलमध्ये आहे. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ ओएनजीसीने २०११ मध्ये शेलमधून वायू मिळाल्याचं जाहीर केलं आणि २०१३ मध्ये केंद्र सरकारने सरकारी तेल कंपन्यांसाठी शेल धोरण आणलं. तरीही मोठं व्यापारी उत्पादन उभं राहिलेलं नाही. जमीन, पाणी, किंमत ही कारणं आहेतच. पण खडकाचा प्रश्न वेगळा उरतोच: आपला शेल कुठल्या सामग्रीचा, कसा बांधलेला आणि किती पक्व आहे, हे प्रत्येक खोऱ्यात नव्याने मोजावं लागतं. बार्नेटचं सूत्र इथे जसंच्या तसं चिकटवून चालत नाही.

थोडक्यात

‘अमुक ठिकाणी शेल वायूचा प्रचंड साठा’ अशी बातमी वाचली, तर पाच प्रश्न विचारा.

१. टीओसी किती, आणि केरोजेन पक्व आहे की कच्चा?
२. माती किती, आणि ती इलाइट की स्मेक्टाइट?
३. क्वार्ट्झ किंवा कार्बोनेटची चौकट आहे, की नुसते सुटे कण?
४. मजबुतीचे आकडे कुठल्या दिशेने काढले, आणि दाबयंत्रावरून की ध्वनीवरून?
५. ठिसूळपणाचं सूत्र कुठल्या खडकावर तयार झालेलं?

पाचही उत्तरं हातात असतील, तर ‘साठा आहे’ वरून ‘साठा निघेल’ इथपर्यंत जाता येतं. नसतील, तर मधलं अंतर फक्त प्रोग्रामच्या त्या एका ओळीने भरून काढलंय असं समजा.